मुख्यालयी राहिलेला बूट

नोकरीत मी जेवढे कागद लिहिले त्यातले बहुतेक वाळवीने आणि ऑडिटने मिळून संपवले असतील. त्याचं मला दुःख नाही. एक नोटीस मात्र अजून लोकांना तोंडपाठ आहे. वैनगंगेकाठच्या त्या पुनर्वसन वसाहतीत मी आजही एसटीतून उतरलो की पानठेल्यावरून कोणीतरी विचारतोच, "काय जी बाबू, बसनं आले का पोहत?"

"आज बसनं," मी सांगतो. "पोहायचे दिवस गेले."

मग सगळे हसतात. मीही हसतो. न हसून करतो काय, नोटीस माझ्याच अक्षरातली होती.

मी मूळचा सिहोऱ्याकडचा. घरी धान, गावाला तलाव. आमच्याकडे पाणी म्हणजे तलावात राहणारी, बोलावलं की पाटाने धानाच्या बांधीत येणारी, शहाण्यासारखी वागणारी वस्तू. पाणी गावात राहायला येतं आणि गावाला उठून बाहेर जावं लागतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात बाबू म्हणून बदलीवर जिल्ह्याच्या खालच्या टोकाला आलो, तेव्हा गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने त्या बाजूची गावं उठून काही पावसाळे उलटले होते. माणसं नव्या वसाहतींत राहायला गेली होती. माझ्या टेबलावर मात्र सगळी गावं जिथल्या तिथे होती.

नव्या टेबलावर बसलेल्या बाबूला पहिल्या आठवड्यात फार सुचतं. मला तर जरा जास्तच सुचलं. उपकेंद्राच्या नर्सने उपकेंद्राच्या गावातच राहायचं, असा नियम आहे. त्याला मुख्यालयी राहणे म्हणतात. नियम चांगला आहे. कोणी अडली-नडली तर नर्स हाकेच्या अंतरावर असावी, एवढाच त्याचा अर्थ. वरून विचारणा आली होती, मुख्यालयी कोण कोण राहत नाही ते कळवा. मी फायली उघडल्या. सगळ्या नर्सबाईंचं मुख्यालय आणि राहण्याचा पत्ता एकच. एकीचा मात्र वेगळा. मुख्यालय एका गावाचं, राहणं 'नवीन वसाहत, समाजमंदिरामागे'. चोर सापडला.

मी कारणे दाखवा नोटीस तयार केली. जुन्या नोटिशीचा नमुना समोर ठेवला आणि नाव, गाव तेवढं बदलून बाकी सगळं उतरवून काढलं. त्या नमुन्यात एक वाक्य होतं, 'आपल्या मुख्यालयास प्रत्यक्ष भेट दिली असता आपण तेथे आढळून आला नाहीत.' मी कुठे गेलोबिलो नव्हतो. पण वाक्य घडीव होतं, काढावंसं वाटलं नाही. साहेबांनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, एका मीटिंगमधून दुसरीकडे जाताना उभ्या उभ्या सही केली. आणि मी हौसेने एक प्रत जिल्ह्याला पाठवून दिली. माहितीस्तव सविनय सादर. कोणी मागितली नव्हती.

बाईंचा खुलासा लगेच आला. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर असा:

'आपण मुख्यालयास प्रत्यक्ष भेट दिल्याचे वाचून समाधान वाटले. सदर मुख्यालय वैनगंगेच्या पाण्याखाली आहे. आपण आत जाऊन आलाच आहात, तर बाळंतपणाच्या खोलीची खिडकी गाव सोडताना उघडी राहून गेली होती, ती लावून घेतली किंवा कसे, हे कृपया कळवावे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला शांतपणे विचारलं, "बाबू, तुम्हाला पोहता येते काय?"

"नाही सर."

"मग गेले कसे?"

तोवर कार्यालयातल्या शिपायापासून लॅबवाल्यापर्यंत सगळे दाराशी गोळा झाले होते. दुपारच्या चहाला मला 'पाणबुडी' हे नाव मिळालं आणि बदली होईपर्यंत पुरलं.

हसणं थांबलं ते जिल्ह्याचं पत्र आल्यावर. माझी हौसेची प्रत तिकडे कोणीतरी नीट वाचली होती. उपकेंद्राच्या जागी कर्मचारी राहत नसेल, तर ते पद जिथे इमारत उपलब्ध आहे अशा दुसऱ्या गावी वर्ग करावे, अभिप्राय द्या, असं त्यात होतं. म्हणजे बाई जाणार. वसाहतीजवळून तालुक्याच्या दवाखान्याकडे जाणारा जुना रस्ता पाण्याने तुटला होता. एसटी लांबून फिरून जायची, आणि गेली की परत केव्हा येईल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. ताप असो, बाळंतपण असो, लसीकरण असो, त्या वसाहतीला होती ती एवढी एक बाई. आणि ती मी एका वाक्यात उठवली होती.

"सर, नोटीस मागे घेऊ," मी म्हणालो.

"माझी सही आहे बाबू त्याच्यावर. नोटीस मागे घेत नसतात, निकाली काढतात. स्थळपाहणी करा. काय दिसते ते लिहून आणा. तेच जिल्ह्याला पाठवू." मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा ते पुढे म्हणाले, "आणि या वेळेस खरंच जा."

गेलो. वसाहत म्हणजे पट्टीने आखलेलं गाव. सरळ रस्ते, घरांवर प्लॉटचे आकडे. लोकांना मात्र त्या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. मी एकाला नर्सबाईचा प्लॉट विचारला, तर तो म्हणाला, "ते का पाटलाच्या शेजारी." पाटील कुठे, तर "आखराकडे." नव्या वसाहतीत ना पाटलाचा वाडा होता ना गुरं जमायचं आखर. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते, शेजार मोडून वाटेल तसा पसरला होता. तरी पत्ता सांगायचा तो जुन्या गावातलाच.

बाईंचा दवाखाना समाजमंदिरात भरलेला. मंचावर तपासणीचं टेबल आणि पुढे पडदा म्हणून कसल्याशा आरोग्य मोहिमेचं जुनं फ्लेक्स, तेही उलटं बांधलेलं, त्यामुळे त्यावरचं सुखी कुटुंब डोक्यावर उभं राहून हसत होतं. बाई पन्नाशीकडे झुकलेल्या, आवाज खणखणीत. फ्लेक्सआडून त्यांनी मला पाहिलं.

"या. ओले नाही दिसत."

"सिस्टर, ते नोटिशीचं..."

"बसा. पेशंट होऊ द्या पहिले."

मी बसलो. बसवेना. समोर बाया, म्हातारे आणि कडेवरची पोरं यांची रांग होती, पण रांगेला काही धरबंध दिसेना. मागून आलेली बाई सरळ पुढे जाऊन बसायची आणि आधीपासून बसलेली गप्प. मला राहवलं नाही. आपण कार्यालयातून आलोय, काहीतरी शिस्त लावून जावी. मी डायरीची पानं फाडली, आकडे टाकले आणि आल्या क्रमाने वाटून टाकले. फार बरं वाटलं.

"एक नंबर," मी पुकारलं.

एक नंबरची म्हातारी जागची हलली नाही.

"आजी, तुमचा नंबर आहे. जा ना."

"मी कायले जाऊ?" म्हातारी म्हणाली. "बोडीकडच्याइचं व्हाचं आहे अजून."

बोडी म्हणजे लहानसा तलाव. या वसाहतीत तो नव्हता. म्हातारीने मग मला लहान मुलाला समजावतात तसं समजावून सांगितलं. जुन्या गावात ही बाई सकाळी फेरीला निघायची ती बोडीकडच्या गल्लीपासून. मग शाळेची गल्ली, मग आखर, आणि शेवटी दवाखान्याची गल्ली, कारण ती तिच्या दाराशीच. गाव उठून इथे आलं, सगळे एका छताखाली बसायला लागले, तरी पाळी तीच.

"पण आता ती गल्ली नाही ना आजी."

"गल्ली नाही, माणसं तं आहेत."

इकडे माझे नंबर हातोहात फिरायला लागले होते. हिने तिला दिला, तिने हिला. बघता बघता सगळ्या चिठ्ठ्यांची अशी अदलाबदल झाली की एक नंबर बोडीकडे गेला आणि शेवटचा दवाखान्याच्या गल्लीत. माझी शिस्तही राहिली आणि त्यांची पाळीही. सिस्टर फ्लेक्सआडून सगळं पाहत होत्या.

"लागली का शिस्त?" त्या म्हणाल्या. "आता पेशंट पाहू मी?"

पेशंट झाल्यावर आम्ही पाण्याकडे निघालो. डोंगा घेऊन एक काका तयार होते. हे गावातले शेतकरी. जमीन पाण्यात गेल्यापासून मासे धरत. त्यांची मुलगी पहिलटकरीण, माहेरी आलेली. मघा रांगेत शाळेच्या गल्लीत बसली होती. काकांनी आम्हाला डोंग्यात बसवलं आणि काठावरून ढकलतानाच मला सांगून टाकलं, "हे बाई गेली तं माह्या पोरीले मी कुठं नेऊ, तेवढं लिहून द्या बाबू. बाकी तुमचं तुमच्यापाशी."

मी म्हणालो, लिहितो. काय लिहिणार ते मला ठाऊक नव्हतं.

पाणी लांबवर पसरलेलं, वर एका वाळक्या चिंचेचा शेंडा आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. बाकी गावाची काही खूण नाही. तरी काका डोंगा सरळ नेईनात. थोडं पुढे गेले, उजवीकडे वळले, पुन्हा डावीकडे. मला वाटलं, मला फिरवतायत. बाबू लोकांना गावं अशी फिरवतात, याचा अनुभव होता.

"काका, ती चिंच तर समोर दिसते. सरळ काहून नाही घेत?"

त्यांनी वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मी काहीतरी अगदीच भलतं बोललो असेन, असं ते पाहणं होतं.

"लोकाइच्या घरावून कसं जाता जी," ते म्हणाले. "गल्लीतून जाऊन राहिलो."

मी पाय जवळ ओढून घेतले. कोणाच्या तरी अंगणातून जात असल्यासारखं वाटलं.

सिस्टर पाण्याकडे बोट दाखवून सांगत होत्या. "हे शाळा. हे पाटलाची विहीर, इथे बाया पाणी भरत तिथेच मी पाळणा लांबवायच्या गोळ्या वाटत होते. घरी कोणी घेत नव्हत्या, सासू पाहते म्हणून." त्यांचा आवाज हळूहळू खाली आला होता. चिंचेपाशी काकांनी डोंगा थांबवला.

"आलं तुमचं मुख्यालय," सिस्टर म्हणाल्या. "हे ओपीडी. तिकडे बाळंतपणाची खोली. किती पोरं झाली तिथे. एकदा तर हे काकाच बायकोला घेऊन आले होते बैलगाडीवर, तेव्हा झालेली पोरगी आता बाळंतपणाला आली." मग एकदम त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. "पण बूट बाहेर काढा. माझ्या ओपीडीत बूट घालून कोणी येत नाही."

आता त्या थट्टा करत होत्या, हे काकांना कळलं, पाणकावळ्यांनाही कळलं असेल. पण मी सरकारी नोकर. समोरून खणखणीत आवाजात आदेश आला की हात आधी चालतात, डोकं नंतर. मी वाकून बुटाची नाडी सोडली. एक बूट काढून हातात घेतला, दुसऱ्यासाठी वळलो आणि डोंगा एका अंगाला कलला. सिस्टरनी माझी कॉलर धरली, काकांनी बॅग धरली. बुटाला कोणी धरलं नाही. तो पाण्यावर क्षणभर तरंगला, आत पाणी घेतलं आणि सावकाश खाली गेला.

मग काका म्हणाले, "जाऊ द्या बाबू. हापिसातलं कोणीतरी एक तं राहाले गेलं मुख्यालयी."

सिस्टर इतक्या हसल्या की डोंगा पुन्हा कलायला लागला. मग काकाही हसले. मी एक पाय बुटात आणि एक पाय ओल्या मोज्यात, असा बसून राहिलो आणि मलाही हसू आवरेना. परत मात्र आम्ही गल्लीगल्लीनेच आलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे मी अहवाल ठेवला. 'मुख्यालयाची प्रत्यक्ष पाहणी केली असता ते संपूर्णपणे पाण्याखाली असल्याचे आढळून आले. संबंधित आरोग्य सेविका मुख्यालयालगतच्या कोरड्या जागी, लाभार्थींसमवेत वास्तव्यास आहेत. पद अन्यत्र हलविल्यास येथील गरोदर मातांना सेवा मिळणार नाही.' शेवटचं वाक्य काकांचं. मी त्याला फक्त कार्यालयीन कपडे घातले.

जिल्ह्याकडून उलट विचारणा आली: सदर इमारत दुरुस्तीयोग्य आहे किंवा कसे. ते वाचून मी वैतागलो, पण साहेब खूश झाले. "बाबू, पत्रव्यवहार सुरू आहे तोवर पद कोणी हलवत नाही. समजलं का?"

समजलं. माझ्या अंगी असलेला एकुलता एक गुण तेव्हा लोकांच्या कामी आला. मी पत्रव्यवहार लांबवला. दुरुस्तीयोग्यता तपासण्यासाठी पाण्याची खोली पावसाळ्यातली धरावी की उन्हाळ्यातली, असं विचारलं. उत्तर आलं, दोन्ही कळवा. मी विचारलं, मोजणी आपल्या विभागाने करायची की पाटबंधारेवाल्यांनी. तिकडून आलं, त्यांच्याशी समन्वय साधावा. साधायला मी घाई केली नाही. पाण्याखालच्या खाटा आणि कपाट यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं, पाहणीशिवाय करता येईल का, हेही सविनय विचारलं. धान रोवून झाले, निसवले, कापून घरी आले. त्या काळात काकांच्या मुलीला कळा लागल्या तेव्हा सिस्टर तिच्यासोबत गाडीत बसून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत गेल्या. मुलगी झाली. साहेबांनी मला ती बातमी सांगितली आणि म्हणाले, "अजून एखादं पत्र होईल का?"

झालं. आणखी बरीच झाली. शेवटी जिल्ह्याचंच कोणीतरी थकलं आणि आदेश आला: मुख्यालय तात्पुरत्या स्वरूपात नवीन वसाहत करण्यात येत आहे. ते तात्पुरतं आजतागायत चालू आहे.

आदेशानंतर समाजमंदिरात लस ठेवायचा फ्रिज आला, तपासणीचं नीट टेबल आलं, औषधं वसाहतीच्या नावाने यायला लागली. त्याआधी सिस्टरना सगळं दुसऱ्या केंद्राकडून मागून, पिशवीत घालून आणावं लागे, कारण जे गाव पाण्याखाली, तिथे पोहोचवणार कोण. बाई तीच, हात तेच, पेशंट तेच. कागदावरचं गाव तेवढं कोरडं झालं आणि दवाखाना सुधारला. लोक म्हणतात, सरकारी दवाखान्यात डॉक्टर चांगला पाहिजे. पाहिजेच. पण माझ्यासारखा एखादा बाबू टेबलावर डोळे मिटून नमुना उतरवत बसला असेल तर चांगला डॉक्टरही काय करणार. हे मी कार्यालयात नव्याने येणाऱ्या पोरांना सांगत असे. ते ऐकून घेत आणि माझ्या पायांकडे पाहून हसत.

सिस्टर निवृत्त होऊन नागपूरला लेकाकडे गेल्या. मीही निवृत्त झालो आणि त्याच तालुक्याच्या गावी घर केलं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या मला घराजवळच मिळतात. तरी महिन्यातून एकदा मी एसटीने वसाहतीत जातो आणि तिथून घेतो. बायकोला सांगतो, तिथे गर्दी कमी. ते खोटं आहे, हे तिला माहीत आहे.

आता तिथे उपकेंद्राची नवी इमारत आहे, टाइल्स, पाण्याचा कूलर, आणि दारात नंबराचं मशीन. बटण दाबलं की चिठ्ठी येते आणि भिंतीवर आकडा चमकतो. परवा मी चिठ्ठी घेऊन बसलो. नवीन आलेला तरुण डॉक्टर बाहेर येऊन गोंधळून पाहत होता, कारण पडद्यावर एक आकडा आणि आत भलताच माणूस. समोर चिठ्ठ्या हातोहात फिरत होत्या. बोडीकडच्या आधी, मग शाळेच्या.

माझी चिठ्ठी कुठे द्यायची हे मला कळेना. इतक्या वर्षांत मी कधी त्या पाळीत नव्हतो. आत ओळखीचे लोक आहेत म्हणून बाजूने जायचो. गावातल्या एका सुनेने विचारलं, "बाबा, तुम्ही कोणत्या गल्लीचे जी?"

तेवढ्यात पलीकडून काकांची मुलगी बोलली. आता चांगली भारदस्त बाई झालेली, सोबत तिची लेक, ती पत्रव्यवहार चालू असताना जन्मलेली.

"हे दवाखान्याच्या गल्लीचे होत," ती म्हणाली. "याइचा बूट आहे तिथं. बसा मामा, तुमचं शेवटी."

मी माझी चिठ्ठी त्या सुनेच्या हातात दिली, तिची घेतली आणि शेवटच्या बाकावर सरकून बसलो.